धागा: गुच्छातल्या सर्वांत मोठ्या दीर्घिकेचे तेज आपल्या भागातून मोजायचे तर कोणती संख्या धरायची?

राजहंसगड
मंडळी, नमस्कार. अरुंधती केश तारकासमूहातल्या कोमा गुच्छाची (एबेल १६५६) मुख्य दीर्घिका एनजीसी ४८८९ हिची प्रत (तेजाचे माप; तेज जितके जास्त तितकी प्रत लहान) मोजायची आहे. साहित्य असे: २०० मिमी न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), नाभीय अंतर ८०० मिमी, आयएमएक्स ५३३ चिपचा मोनो कॅमेरा, स्लोन आकाश-सर्वेक्षणाच्या मानकाचा आर (लाल पट्ट्याचा) फिल्टर. एका पिक्सेलला ०.९७ विकला (कलेचा साठावा भाग; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पडतात आणि चित्रक्षेत्र साधारण ४८ कला येते.

अडचण तेजाच्या व्याख्येची आहे. दीर्घिकेभोवती मोजणीचे वर्तुळ मोठे करत गेले की प्रत घटतच जाते, कुठे थांबत नाही. याद्यांमध्येही एकाच दीर्घिकेच्या निरनिराळ्या प्रती दिसतात. मग "एकूण तेज" म्हणून कोणती संख्या लिहायची? आणि बेळगाव शहराच्या कडेला बसून हे मोजण्यात अर्थ आहे का, की थेट जांबोटी-कणकुंबीच्या अंधाऱ्या भागाकडेच जावे?

निपाणीकर
शहरातून ताऱ्यांची प्रत मोजता येते. दीर्घिकेसाठी मात्र अंधारच हवा. कणकुंबी.

मलप्रभा
आधी व्याख्येचे बघूया, जागेचे नंतर.

राजहंसगड, प्रत घटत जाते यात तुमचे मोजमाप चुकलेले नाही, त्या दीर्घिकांची घडणच तशी आहे. साध्या लंबवर्तुळी दीर्घिकेचे तेज बाहेर जाताना लवकर ओसरते. गुच्छाच्या मध्यावरच्या दीर्घिकेभोवती विस्तीर्ण, मंद प्रभा असते. अशांना १९६४ मध्ये मॅथ्यूज, मॉर्गन आणि श्मिट यांनी 'सीडी' हा वर्ग दिला. ही प्रभा पुढे गुच्छभर पसरलेल्या, कोणत्याच एका दीर्घिकेच्या नसलेल्या ताऱ्यांच्या उजेडात मिसळते. कोमा गुच्छातला तो उजेड झ्विकीने १९५१ मध्येच नोंदवला होता. दीर्घिका कुठे संपते आणि गुच्छ कुठे सुरू होतो याची रेषा निसर्गाने आखलेली नाही. म्हणून "एकूण तेज" ही संख्या कुणी काढली तरी त्यात त्या माणसाने निवडलेली सीमा दडलेली असते.

यावरचा उपाय जुना आहे: ठरावीक भौतिक त्रिज्येच्या आतले तेज मोजायचे. गन आणि ओक यांनी १९७५ मध्ये हेच केले, होसेलने १९८० मध्ये पुढे नेले, आणि लॉअर व पोस्टमन यांनी १९९४ मध्ये ११९ एबेल गुच्छांसाठी १०/h किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३२६० प्रकाशवर्षे) त्रिज्या वापरली. h म्हणजे हबल स्थिरांक (विश्वप्रसरणाचा दर) भागिले १००. तुम्हीही हीच त्रिज्या घ्या, म्हणजे तुलना करायला पुष्कळ दीर्घिका मिळतील.

ध्रुवमत्स्य
पण ताई, h चे मूल्य ०.६७ धरायचे की ०.७३ यावर अजून एकमत नाही. मग त्रिज्या तरी ठाम कशी?

मलप्रभा
होय ओ, प्रश्न बरोबर आहे, पण इथे h आपोआप निघून जातो. त्रिज्या १०/h किलोपार्सेक आणि अंतरही cz/(१०० h) मेगापार्सेक; cz म्हणजे ताम्रसृती z (दूर जाण्यामुळे प्रकाशाचे लालकडे सरकणे) गुणिले प्रकाशाचा वेग c. भागाकार केला की कोन उरतो १/cz रेडियन, म्हणजे २०६२६५ भागिले cz विकला, cz किलोमीटर प्रति सेकंदात. एवढेच. थोडी ताम्रसृती-दुरुस्ती म्हणून उत्तराला (१ + १.२ z) ने गुणा.

कोमा गुच्छ: cz सुमारे ६९२५, उत्तर २९.८, दुरुस्तीनंतर ३०.६ विकला. तुमच्या चित्रात साधारण ३१.५ पिक्सेल.

एक खबरदारी. cz गुच्छाचा सरासरी घ्यायचा, दीर्घिकेचा स्वतःचा नाही. एनजीसी ४८८९ चा स्वतःचा वेग ६५०० च्या आसपास आहे आणि शेजारच्या एनजीसी ४८७४ चा ७२०० च्या जवळपास. दोघी एकाच गुच्छात आहेत, हा फरक गुच्छातल्या त्यांच्या हालचालीचा आहे, अंतराचा नाही.

चिकोडी_फोटोमेट्री
ताईंच्या त्रिज्येला पूर्ण दुजोरा. आता निपाणीकरांच्या "अंधारच हवा" या मुद्द्यावर हिशेब मांडतो, कारण नुसते हो-नाही म्हणून हे सुटत नाही.

आकाशाची पार्श्वभूमी वजा करताना १ टक्का चूक होईल असे धरा. घरगुती फ्लॅटने (सारख्या उजळ पृष्ठाचे चित्र, दुर्बीण-कॅमेऱ्यातला असमानपणा काढायला) याहून चांगले क्वचितच साधते.

३१ विकला त्रिज्येचे क्षेत्रफळ साधारण ३०२० चौरस विकला. आकाश दर चौरस विकलेला २०.५ प्रतीचे असेल तर त्याचा १ टक्का म्हणजे २५.५, तो सगळ्या क्षेत्रफळावर जमा केला की १६.८ प्रतीइतका उजेड. वर्तुळातल्या दीर्घिकेची प्रत १२ धरली तर ही चूक १.२ टक्के, म्हणजे प्रतीत ०.०१३. काहीच नाही.

आकाश १८.५ असेल तर तीच चूक १४.८ प्रतीइतकी होते. दीर्घिकेच्या साडेसात टक्के, म्हणजे ०.०८ प्रत. शहराच्या कडेवरूनही हे सहन होण्यासारखे आहे.

आता "एकूण तेज" मिळावे म्हणून त्रिज्या १०० विकला केली तर बघा. क्षेत्रफळ ३१,४०० चौरस विकला. दीर्घिका ११ प्रतीची धरली तर २०.५ च्या आकाशात चूक ५ टक्के आणि १८.५ च्या आकाशात ३१ टक्के! म्हणजे शहरातून एकूण तेज मोजणे निरर्थक, पण ठरावीक त्रिज्येतले तेज मोजणे शक्य. निवडलेली त्रिज्या आणि उपलब्ध आकाश हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत.

निपाणीकर
हिशेब पटला. "अंधारच हवा" हे मोठ्या त्रिज्येपुरते खरे, असे म्हणतो.

तरी हिवाळ्यात आमच्याकडचे आकाश दर रात्री बदलते, तेही लक्षात घ्या. चिकोडी-अथणी पट्ट्यात गाळप सुरू असते, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवतात, धूर खाली थरून राहतो. त्याने प्रकाश शोषला जातोच, शिवाय गावातले दिवे त्या धुरावर विखुरतात आणि आकाश उजळते. तुलनेचे तारे त्याच चित्रात असल्याने शोषण वजा होते. उजळलेले आकाश वजा होत नाही.

चिकोडी_फोटोमेट्री
अगदी. म्हणून प्रत्येक फ्रेमचा झीरो पॉइंट (मोजलेल्या उजेडावरून प्रत काढायचा आधारअंक) वेगळा काढायचा आणि आलेख करायचा. रात्रीच्या सर्वोत्तम मूल्यापेक्षा ०.१ हून जास्त घसरलेली फ्रेम स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम जोडून केलेल्या चित्रात) घ्यायची नाही. धूर, पातळ ढग, आरशावरचे दव, तिन्ही इथे पकडले जातात.

वर्णपट_काका
त्रिज्येची चर्चा चांगली चालली आहे, पण मला सेर्सिक आकृतिबंधाचा (केंद्रापासून तेज कसे ओसरते त्याच्या सूत्राचा) पर्याय सोडवत नाही. गॅलफिट या संगणक-प्रणालीत दीर्घिकेला सेर्सिक प्रोफाइल बसवा, एकूण प्रत थेट मिळते. शेजारच्या लहान दीर्घिकाही त्याच वेळी बसवता येतात, मास्क करावे (झाकावे) लागत नाही. व्यावसायिक लोकही हेच करतात.

मलप्रभा
काका, बसवता येते. प्रश्न बाहेरच्या टोकाचा आहे. द व्होकुलरचे १९४८ चे सूत्र म्हणजे सेर्सिक घातांक n = ४. या महाकाय दीर्घिकांना n बऱ्याचदा त्याहून मोठा लागतो, आणि n जितका मोठा तितका एकूण प्रकाशातला मोठा वाटा तुमच्या मोजलेल्या भागाच्या बाहेर, सूत्राने वाढवलेल्या शेपटीत जातो. आकाशाची किंमत किंचित कमी धरली की n वाढतो, शेपटी लांबते, एकूण तेज फुगते. म्हणजे चिकोडीकरांनी दाखवलेली चूक सूत्राच्या आत जाते आणि डोळ्यांना दिसेनाशी होते.

गॅलफिट शेजारी काढून टाकायला जरूर वापरा. तेजाची संख्या मात्र त्या वजाबाकीनंतरच्या चित्रावर ३०.६ विकलांच्या वर्तुळात मोजा.

वर्णपट_काका
हे मान्य. शेजाऱ्यांसाठी सूत्र, अंतिम मोजणीसाठी वर्तुळ.

खानापूर_आकाश
नवख्याचा प्रश्न. स्लोन सर्वेक्षणाची चित्रे फुकट मिळतात. त्यातली तयार प्रत घेतली तर दुर्बीण लावायचीच कशाला?

मलप्रभा
चित्रे घ्या, त्यावर स्वतः मोजा, उत्तम सराव होतो. तयार प्रत मात्र या दीर्घिकांसाठी सांभाळून. स्लोनच्या सुरुवातीच्या स्वयंचलित प्रक्रियेत मोठ्या दीर्घिकेची प्रभाच आकाश समजून वजा होत होती, त्यामुळे गुच्छांतल्या मुख्य दीर्घिका खऱ्यापेक्षा मंद नोंदल्या गेल्या. २००७ च्या सुमारास बर्नार्डी, लॉअर आणि फॉन देर लिंडेन यांच्या गटांनी हे वेगवेगळे दाखवून दिले. आठव्या प्रकाशनात आकाश वजा करण्याची पद्धत सुधारली. पॅन-स्टार्स या दुसऱ्या आकाश-सर्वेक्षणाच्या जोडचित्रांतही मोठ्या दीर्घिकेभोवती काळसर कडे दिसते, ते याच कारणाने.

राजहंसगड यांच्या प्रश्नातल्या "याद्यांत निरनिराळ्या प्रती" याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे वर्तुळाच्या आकारात आणि फिल्टरमध्ये.

चिकोडी_फोटोमेट्री
हाच दोष घरच्या प्रक्रियेत येतो, आणि जास्त सहज येतो. सुंदर चित्रासाठी आपण जे जे करतो, त्यातले बरेच काही इथे मारक आहे:

स्वयंचलित ग्रेडियंट (आकाशाच्या उजेडाचा उतार) काढणे बंद. ते दीर्घिकेची प्रभा खाते. लोकल नॉर्मलायझेशन (भागाभागाने उजळपणा जुळवणे) बंद, तेही तेच करते. सोर्स एक्स्ट्रॅक्टर (चित्रातले तारे-दीर्घिका शोधून मोजणारी प्रणाली) वापरत असाल तर पार्श्वभूमीची जाळी ६४ पिक्सेलची ठेवू नका. दीर्घिकाच त्याहून मोठी आहे. ५१२ ठेवा किंवा आकाशाची किंमत स्वतः द्या. चित्र ताणलेले नको, रेषीय, ३२ बिट फ्लोट. आणि शहरी उजेड कापणारा फिल्टर काढून ठेवा. तो पट्ट्याचे तुकडे करतो, मग तुमचा आर हा कुणाचाच आर राहत नाही.

आकाश असे काढा. दीर्घिकेपासून ८ कलांच्या पलीकडे, चारही बाजूंना, तारे आणि दीर्घिका टाळून ५० × ५० पिक्सेलचे निदान २० चौकोन. प्रत्येकाचा मध्यक घ्या. त्यांतून सपाट प्रतल बसवा, कारण एका बाजूला शहर असल्याने उतार असतोच. प्रतलाहून वरच्या घाताचे पृष्ठ बसवायचे नाही, ते मधोमध फुगून दीर्घिकेला कापते. शेवटी चौकोनांच्या किमती प्रतलापासून किती विखुरल्या आहेत ते बघा. तो विखुरलेपणा आकाशाच्या १ टक्क्याहून जास्त असेल तर दोष फ्लॅटमध्ये शोधा.

ध्रुवमत्स्य
फ्लॅटबद्दल जरा विस्ताराने लिहा की. न्यूटोनियनला ते सर्वांत नडते.

चिकोडी_फोटोमेट्री
न्यूटोनियनमध्ये मुख्य आरशाच्या मागून आणि फोकसरच्या फटीतून उजेड शिरतो. पाठीमागे काळे कापड गुंडाळा. हवा खेळायची जागा सोडून. तपासणी सोपी: झाकण लावून, अंधाऱ्या खोलीत टॉर्च मागच्या बाजूला फिरवत डार्क घ्या. किंमत हलली तर गळती आहे.

एलईडी पॅनलचा उजेड सगळीकडे सारखा नसतो. एक संच घ्या, पॅनल ९० अंश फिरवून दुसरा घ्या, एकाला दुसऱ्याने भागा. उतार दिसला तर तो पॅनलचा. चार दिशांचे संच घेऊन सरासरी केली की बराचसा नाहीसा होतो. संधिप्रकाशातले फ्लॅट चांगले, पण पावसाळा संपल्यावरच्या स्वच्छ संध्याकाळी. वळिवाचे ढग अर्ध्या आकाशात असताना नको.

फ्रेम घेताना दर पाच-सहा फ्रेमला दुर्बीण ३ ते ४ कला सरकवा, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला. पाच-दहा पिक्सेलचे डिदरिंग इथे अपुरे, कारण फ्लॅटचा दोष त्याहून मोठ्या आकाराचा असतो. दीर्घिका चिपच्या निरनिराळ्या भागांवर पडली की तो दोष सरासरीत विरतो. १२० सेकंदांच्या ६० फ्रेम, म्हणजे दोन तास, एवढ्यात ३१ विकलांच्या वर्तुळातला यादृच्छिक गोंगाट नगण्य होतो. त्यापुढे वेळ वाढवून उपयोग नाही, आकाशाची चूक तशीच राहते.

खानापूर_आकाश
आणि तुलनेचे तारे कोणते?

ध्रुवमत्स्य
पॅन-स्टार्सच्या यादीतले, आर मध्ये १४ ते १६ प्रतीचे. त्याहून ठळक तारे त्या सर्वेक्षणात संपृक्त होतात. रंगही बघा: जवळच्या लंबवर्तुळी दीर्घिकेचा जी−आर (जी आणि आर पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) साधारण ०.७५ असतो, म्हणून ०.६ ते ०.९ मधले तारे निवडा. मग तुमच्या फिल्टर-चिप जोडीचा रंगदोष तारा आणि दीर्घिका दोघांत सारखाच येतो आणि कटतो. असे १० ते १५ तारे पुरे.

ताऱ्याभोवतीचे वर्तुळ मोठे ठेवा, १२ ते १५ विकला त्रिज्येचे. आपल्याकडे ३.५ विकलांचे सीइंग (हवेमुळे ताऱ्याचे पसरणे) नेहमीचे. ४ विकलांच्या वर्तुळात ताऱ्याचा निदान ३ टक्के प्रकाश बाहेर राहतो, दव किंवा धुके असेल तर पुष्कळ जास्त. दीर्घिकेच्या ३०.६ विकलांच्या वर्तुळात ते नुकसान होत नाही. परिणामी दीर्घिका खऱ्याहून तेजस्वी निघते, आणि प्रत्येक तारा तीच चूक सांगत असल्याने विखुरलेपणात काहीच दिसत नाही.

निपाणीकर
चोर्ला-कणकुंबी बाजूला गोव्याकडून येणारे धुके मध्यरात्रीनंतर हमखास. दुय्यम आरशाला हीटर लावूनच बसा.

मलप्रभा
मास्कविषयी राहिले. एनजीसी ४८७४ च्या उत्तरेला ७ व्या प्रतीचा एक तारा आहे. त्याचे पंख आणि परावर्तनाची कडी लांबवर पसरतात, म्हणून आकाशाचे चौकोन त्या बाजूला ठेवू नका. एनजीसी ४८८९ त्याच्यापासून पुरेशी दूर आहे. तिच्या वर्तुळातले लहान शेजारी झाकले तर झाकलेली जागा शून्य ठेवायची नाही. केंद्राच्या बरोबर समोरच्या बाजूचे, १८० अंशांवरचे पिक्सेल तिथे भरा. नाहीतर दीर्घिकेचाच प्रकाश वाया जातो.

वर्णपट_काका
एक मूलभूत शंका. "सर्वांत तेजस्वी" आणि "मध्यवर्ती" या दोन गोष्टी आपण एकच धरून चाललो आहोत. कन्या गुच्छात मध्यावर एम ८७ आहे, पण एम ४९ तिच्याहून ठळक. अश्मंत गुच्छात मध्यावर एनजीसी १३९९, आणि ठळक एनजीसी १३१६. मग मोजायची कोणती?

मलप्रभा
जे शोधायचे त्यावर ठरेल. गुच्छाचा मध्य, क्ष-किरण वायू, विलीनीकरण यांचा अभ्यास असेल तर मध्यवर्ती. अंतर मोजायचा दीप म्हणून वापरायची असेल तर लॉअर-पोस्टमन यांच्याप्रमाणे ठरावीक त्रिज्येत जी सर्वांत तेजस्वी ती. नोंदीत कोणता निकष लावला ते लिहिले की वाद उरत नाही. कोमात दोन्ही मोजा, एकाच चित्रात येतात, जेमतेम ७ कलांचे अंतर.

ध्रुवमत्स्य
असहमत. दोन निकष चालतात म्हटले की प्रत्येक जण सोयीचा निवडेल. गटाने मिळून मोजायचे तर एकच ठरवा: ठरावीक त्रिज्येतली सर्वांत तेजस्वी. कन्या आणि अश्मंत गुच्छ सोडून द्या. ते इतके जवळ आहेत की cz वरून त्रिज्या काढणेच चुकते. एम ८७ ला १६.५ मेगापार्सेक अंतर थेट धरावे लागते आणि त्रिज्या सुमारे ३ कला होते.

मलप्रभा
गटासाठी हे योग्य आहे. मान्य.

राजहंसगड
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर: एकूण तेज लिहायचेच नाही, "३०.६ विकलांच्या आतली आर प्रत" असे लिहायचे, आणि शहराच्या कडेवरूनही सुरुवात करता येते. आता पुढच्या लक्ष्यांची यादी करूया का? बेळगावचे अक्षांश १५.८५ उत्तर धरून.

ध्रुवमत्स्य
करूया की. याम्योत्तरावरची (आकाशात सर्वांत वर असतानाची) उंची देतो.

नोव्हेंबर-डिसेंबर: देवयानीतल्या एबेल २६२ ची एनजीसी ७०८ (त्रिज्या ४३ विकला) आणि ययातीतल्या एबेल ४२६ ची एनजीसी १२७५ (४० विकला, उंची ६४ अंश). मार्च-एप्रिल: सिंहेतल्या एबेल १३६७ ची एनजीसी ३८४२ (सुमारे ३३ विकला). एप्रिल-मे: कोमा, उंची ७८ अंश, वळिवाच्या आधी उरकायचे. मे अखेर: शौरीतल्या एबेल २१९९ ची एनजीसी ६१६६ (२४ विकला, उंची ६६ अंश) आणि जमल्यास एबेल २०२९ ची आयसी ११०१, तिची त्रिज्या ९.७ विकलाच, म्हणून तिथे सीइंगचा परिणाम तपासावा लागेल. जून ते सप्टेंबर आकाश नाहीच.

वर्णपट_काका
एनजीसी १२७५ आर मध्ये मोजू नका. तिच्याभोवती आयनीभूत वायूचे तंतू आहेत. ताम्रसृती ०.०१७६, त्यामुळे हायड्रोजन-अल्फा रेषा ६५६३ वरून सुमारे ६६७९ अँगस्ट्रॉमवर येते, थेट आर पट्ट्यात. गंधकाच्या रेषाही ६८५० च्या आतच. आय पट्टा साधारण ६९०० च्या पुढे सुरू होतो, तो वापरा. शिवाय केंद्रक सक्रिय आणि बदलते आहे, म्हणून आतले ४ विकलांचे तेज वेगळे नोंदवा. आकाशगंगेच्या धुळीची दुरुस्तीही तिथे मोठी, आर मध्ये साधारण ०.४ प्रत. कोमा आकाशगंगेच्या ध्रुवाजवळ असल्याने तिथे ती ०.०२ च्या आसपास.

चिकोडी_फोटोमेट्री
सगळ्यांनी त्याच फ्रेमवर अल्फा पण काढावी, फुकट मिळते. वर्तुळाच्या जरा आत आणि जरा बाहेर मोजा. उदाहरणार्थ २८ आणि ३४ विकला. प्रतीतला फरक ०.१२ आला, तर अल्फा = ०.४ × ०.१२ ÷ लॉग(३४/२८) = ०.५७. दीर्घिकेचा प्रकाश त्रिज्येबरोबर किती वेगाने वाढतो ते ही संख्या सांगते. अल्फा वाढते तसे तेज वाढते, मोठ्या अल्फाला ही वाढ मंदावते. होसेलने दाखवलेला हा संबंध वापरून पोस्टमन आणि लॉअर यांनी तेजातला विखुरलेपणा ०.२४ प्रतीपर्यंत आणला. आपल्या सहा दीर्घिकांचा प्रत-विरुद्ध-लॉग cz आलेख काढला तर उतार ५ च्या जवळ येतो का, ते दिसेल.

खानापूर_आकाश
नोंदीचा एकच नमुना ठरवा, मी तक्ता करून इथे टाकतो.

चिकोडी_फोटोमेट्री
रकाने: दीर्घिका, गुच्छाचा cz, त्रिज्या विकलांत, फिल्टर, फ्रेम संख्या आणि सेकंद, आकाशाची दर चौरस विकला प्रत, चौकोनांचा विखुरलेपणा टक्क्यांत, तुलनेचे तारे किती, झीरो पॉइंटचा विखुरलेपणा, वर्तुळातली प्रत, आकाश १ टक्का वर-खाली केल्यावरच्या दोन प्रती, अल्फा. धुळीची आणि ताम्रसृतीची दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, मूळ प्रतीत मिसळायची नाही.

राजहंसगड
चंद्र किती चालेल?

ध्रुवमत्स्य
क्षितिजाखाली असेल तेवढाच. तो वर असला की आकाशाचा उतार तासातासाला दिशा बदलतो, मग स्टॅकवर एक प्रतल बसत नाही.

निपाणीकर
कोमासाठी एप्रिलची अमावास्या धरा. कणकुंबीला गाडीत दोन जागा आहेत, बॅटरी माझी. पहिला तक्ता भरेल त्याला कुंदा माझ्याकडून.